मॅनेजरच्या फोनमधला ट्रॅश

ही पोरगी एक दिवस राग काढण्याच्या नादात स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेणार, ही धास्ती आईच्या मनातून काही केल्या जात नव्हती. पोरगी म्हणायची आपली, तिशी कधीच ओलांडली होती. घरात तिला ठिणगी म्हणत, आणि ते उगीच नव्हे.

ठिणगी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या, वाकलेल्या दांड्या सरळ करायच्या, गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा नीट टेकतो का ते बघायचं. हात हलका होता, पण मन भलतंच जड. कुणी दुखावलं तर भांडायची नाही, आत मुरत ठेवायची. लहानपणी काकूने चारचौघांत तिच्या जाड चष्म्याला "बाटलीचं बूड" म्हटलं होतं. कित्येक वर्षांनी काकू दुकानात आली, तेव्हा ठिणगीने तिला अशी फ्रेम निवडून दिली की बाई हुबेहूब घुबड दिसावी. वर म्हणाली, "काय शोभतोय हो काकू!" काकू अजून तोच चष्मा घालून मिरवते.

आता मात्र गाठ मॅनेजरशी होती.

दुकानाची दुसरी शाखा निघणार होती. ती कोणी सांभाळायची हे मालकीण ठरवणार होती. चारच दिवसांपूर्वी ठिणगीने दुकानाच्या मेलवर रीतसर अर्ज पाठवला. तो मेल मालकिणीच्या कॉम्प्युटरवर दिसायचा, तसा मॅनेजरच्या फोनवरही. मॅनेजर म्हणाला, "अर्ज? आलाच नाही." मग गिऱ्हाइकांदेखत हसून म्हणाला, "शाखा चालवायची तर आधी मेल पाठवायला शिक, बाई." आणि आपल्या भाच्याचं नाव पुढे सरकवलं.

"जाऊ दे गं," आई म्हणाली.

"जाऊ दे, जाऊ दे करतच तुझा जन्म गेला, आई. माझा नाही जायचा."

आणि काल देवाने घास तिच्या तोंडाशी आणला. मॅनेजरने स्वतःच फोन तिच्यापुढे टाकला. "मी फोनवरून पाठवलेले मेल मॅडमना दिसत नाहीत, त्या रोज डोकं खातात. फोल्डरचं काहीतरी बिघडलंय. दोन्हीकडे सगळं सारखं दिसलं पाहिजे."

"सगळं?"

"सगळं म्हणजे सगळं! मराठीतच सांगतोय ना?"

ठिणगीने सेटिंग उघडलं. पाठवलेले, अर्धवट लिहिलेले, डिलीट केलेले, तिन्ही फोल्डर नुसत्या फोनवर ठेवलेले. म्हणजे साहेब जे डिलीट करत, ते दुकानाच्या मेलमधून उठून त्यांच्या फोनच्या ट्रॅशमध्ये जाऊन बसायचं, आणि मालकिणीला त्याचा वासही लागायचा नाही. त्या ट्रॅशमध्ये तिचा अर्ज होता. उघडून वाचलेला.

तिने सांगितलं तेवढंच केलं. तिन्ही फोल्डर दुकानाच्या सर्व्हरला जोडले, फोनच्या ट्रॅशमधला माल सर्व्हरच्या ट्रॅशमध्ये हलवला, म्हणजे तो मालकिणीच्या कॉम्प्युटरवरही दिसावा, आणि "झालं, साहेब" म्हणून फोन परत दिला. साहेबांनी चक्क आभार मानले.

"मालकिणीला सांगितलंस ना?" आईने विचारलं.

"इतक्यात? छे! भाच्याला खुर्चीत बसू दे. पुढच्या महिन्यात उद्घाटन आहे. सगळ्यांसमोर विचारीन, 'साहेब, माझा अर्ज आलाच नव्हता ना?' नाही म्हणाला, की तिथेच ट्रॅश उघडते. मामाभाचे एकाच दोरीला!"

आज सकाळी ती गुणगुणत कामावर गेली. आईने मात्र आपला फोन घेतला. त्यातले फोल्डरही ठिणगीनेच जोडून दिले होते. पोरीने नेमकं काय केलं असेल ते बघावं म्हणून तिने तेच सेटिंग उघडलं. तिन्ही फोल्डरांच्या खाली आणखी एक ओळ होती. डिलीट केलेले मेल कायमचे काढून टाका: एका आठवड्यानंतर. तिने स्वतःचा ट्रॅश पाहिला. गेल्या आठवड्याच्या मागचं चिटपाखरूही नव्हतं.

ठिणगीने ही ओळ आईच्या फोनमध्ये बदलली नव्हती. साहेबांच्या फोनमध्ये तरी कशाला बदलली असेल? सुडाची चव घेण्यात ती इतकी गुंग होती! आता फोल्डर जोडलेले, फोनमधून गेलं की मालकिणीकडूनही गेलं. उद्घाटनापर्यंत तो अर्ज कुठला राहतोय? भरल्या सभेत ही ट्रॅश उघडणार आणि आत काहीच नाही. मग मॅनेजर हसणार, आणि ही खोटी ठरणार.

गप्प बसलं तर? आठवडा उलटला की पोरीला सांगायचं, की बाई, गेलं ते गेलं, आता विसर. सूडही जाईल, भांडणही टळेल. आईने आजवर हेच तर मागितलं होतं.

पण "मेल पाठवायला शिक, बाई" हे वाक्य काही गिळता येईना. तिच्या लेकीला, भर दुकानात! मेल्याला दाखवतेच.

उद्घाटन गेलं चुलीत. मालकीण या वेळी दुकानात असते आणि मॅनेजरही समोरच असतो. त्याच्यादेखत मालकिणीला आजच्या आज तो ट्रॅश उघडायला लाव, असं ठिणगीला सांगायचं, हे तिने पक्कं केलं आणि लेकीचा नंबर लावला.