टाकातल्या बाईचा राग

सवतीला ज्वारीच्या कोठीत पुरणारी या जिल्ह्यात मी एकटीच असेन. जिवंत सवत नव्हे. बिजवराला दिलेली मी. आमच्याकडं दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक घालतात. टाक म्हणजे चांदीच्या बंद्या रुपयाएवढ्या पत्र्यावर कोरलेली तिची मूर्त. तो गळ्यात पडला, अक्कल मात्र माहेरीच राहिली.

तिसरा महिना लागला आणि मला त्या मूर्तीत अर्थ दिसू लागले. भुवया जुळलेल्या, म्हणजे राग. वर केलेल्या हातात गोल काहीतरी, म्हणजे धोंडा. धोंडा कुणासाठी, तर माझ्या पोटातल्यासाठी. ती पहिल्या बाळंतपणातच गेलेली. माझं नीट कसं होऊ देईल? एवढा अभ्यास शाळेत केला असता तर मास्तरीण झाले असते. टाक उतरवला आणि कोठीत खोल खुपसला.

नेमकी त्याच आठवड्यात कळमनुरीची आई आली. म्हणजे त्या गेलेल्या बाईची आई. कुणाकडंही गेली की ही आधी घरातल्यांच्या तोंडावरून अंगठा फिरवायची, मग चहा. दिसायचं कमी. म्हणायची, "डोळ्यापरीस अंगठा बरा, त्याला चष्मा लागत न्हाई." नातवंडांवर आता मीही तोच प्रयोग करते, ती वैतागतात.

तर तो अंगठा माझ्या गालावरून उतरला आणि गळ्याशी थांबला.

"माझी पोरगी कुठं हाय?"

सासूसमोर कोपरापर्यंत हात घालून मी ज्वारी उपसली. रडत रडत सगळं सांगितलं, धोंड्यासकट.

तिनं टाक चाचपला. खराट्याची काडी मागून भुवयांमध्ये टोकरलं. मी रोज भक्तीनं लावलेलं कुंकू तिथं थापून बसलं होतं, त्याचा खडा निघाला. भुवया सुट्या झाल्या.

"राग तूच भरून राहिली होतीस की," ती म्हणाली. "अन् धोंडा न्हाई ते, फूल हाय. सोनार सगळ्या बायांना एकच तोंड कोरतो. माझ्या लेकीचं खरं तोंड असतं, तर बघून तुला हसू आलं असतं."

कित्येक दिवसांनी मला भूक लागली. तिच्यासाठी केलेल्या धपाट्यांतलं एक मीच उचललं. सासूनं डोळे वटारले. कळमनुरीच्या आईनं दुसरं माझ्याकडं सरकवलं. मग टाकाचा काळा गोफ माझ्या गळ्यात बांधता बांधता म्हणाली, "लेक गेली तवा पाळणा माळ्यावर टाकला होता मी. जाऊन खाली काढते, धुऊन ठेवते. सातवा लागला की ये."