पांढरी दोनचा खर्ज

बेस गिटार हाती घेऊन मला जेमतेम वर्ष झाले आहे. अशाने एका मुरलेल्या बेसवादकाविषयी लिहावे, हे धाडसच. वाचकांनी क्षमा करावी. खामगावच्या एका मंगल कार्यालयात, ऑर्केस्ट्राच्या तालमीत मी त्यांना पाहिले. नाव विचारण्याचे धैर्य झाले नाही.

गायिका घशाच्या शस्त्रक्रियेनंतर प्रथमच गाणार होत्या. पूर्वी त्या पांढरी तीनमध्ये, म्हणजे पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीला सा धरून, गात; आता आवाज जेमतेम पांढरी दोनमध्ये लागत होता. बेसची सर्वांत जाड तार मात्र पांढरी तीनलाच थांबते.

"बेसले तेवढा खाली सूरच नाही. गाणं पोकळ वाटते. ताईनं तीनमधेच गावं," पेटीवाले म्हणाले.

"माह्यापायी गाणं पोकळ नको. दुसरीले गाऊ द्या," त्या म्हणाल्या.

मी संकोचत पाच तारांची गिटार सुचवली.

"पाचवी तार आनाल, सर, पन माह्यी बोटं तं जुनीच हायेत ना?" बेसवादक हसले. मग पेटीवाल्यांकडे वळले. "ताईले वर ओढता काऊन? मीच खाली येतो."

लाकडाला कान लावून त्यांनी जाड तारेची खुंटी सावकाश सैल करत तिचा सूर पांढरी दोनपर्यंत उतरवला. आता त्या तारेवरचा प्रत्येक सूर गिटारच्या दांडीवर दोन घरे पुढे सरकला होता. इतक्या वर्षांची सवय मोडून ते संध्याकाळभर वाजवत राहिले. सैल तार गुरगुरू नये म्हणून त्यांची बोटे तिला हलकेच स्पर्श करीत. गायिका मान न ताणता गायल्या.

तुमच्यासाठी कोणी असे केले असेल, तर ते तुम्हाला कळले होते का?