लाल पाण्याचा ग्लास

ट्रॅक्टर सकाळी यायचा होता. लेक आणि सून ऊसतोडीला निघायचे होते, आणि सातवीतल्या नातीलाही सोबत न्यायचं त्यांच्या मनात होतं. तिच्या धाकट्या भावाला फडावरच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, सांभाळायला कुणीतरी हवंच. दोन्ही लेकरं माझ्याजवळ ठेवायची, तर माझे गुडघे धड नाहीत. ही गेली की तिची शाळा सुटणार, हे सगळ्यांना कळत होतं. बोलत कुणीच नव्हतं. मीपण नाही.

पोरीनं मात्र त्या संध्याकाळी शाळेतला प्रयोग मांडला. दुकानदाराच्या फ्रीजमधला बर्फ आणला, काचेच्या ग्लासात घातला, वरून पाणी ओतलं आणि रंगपंचमीचा उरलेला लाल रंग त्यात ढवळला. म्हणाली, बघत बस नुसती. थोड्या वेळानं ग्लासाला बाहेरून थेंब आले.

"गळतोय तुझा ग्लास," मी म्हणाले.

मला यातलं कळतं, असा माझा समज होता. लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात आमच्या ह्यांनी भुशात गुंडाळलेला बर्फाचा खडा आणला होता. मी तो माहेरच्या नव्या तांब्यात टाकला. तांब्या बाहेरून ओला झाला, तशी मी कणीक मळून त्याच्या बुडाला लिंपली. कणीकही भिजली. मग माहेरी जाऊन भावाशी भांडले, की बहिणीला भोकाचा तांब्या देतोस म्हणून. त्या बिचाऱ्यानं तांबटाला दाखवला, भोक काही सापडलं नाही, तरी माझ्या तोंडाला भिऊन त्यानं दुसरा घेऊन दिला. दुसराही गळाला. तेव्हा मी ठरवलं, अख्खा बाजारच लबाड आहे. काय डोकं होतं माझं!

नातीनं माझ्या पांढऱ्या पदराचं टोक धरलं आणि ग्लास पुसला.

"आजे, आत लाल हाय. मंग पदर लाल कावून न्हाई झाला?"

मी पदर उजेडात धरला. पांढराच. थेंब जिभेला लावून पाहिला, त्याला रंगाची चवही नव्हती. पुन्हा पुसला, पुन्हा थेंब आले, तेही स्वच्छ.

"मंग आलं कुठून?"

"हवेतून. वाळत घातलेल्या लुगड्यातलं पाणी कुठं जातं? हवेत. दिसत न्हाई, पण असतंय. गार काचेला लागलं की परत पाणी होतंय."

मी खालीच बसले. मी उभा जन्म डोक्यावर घागरी वाहिल्या, टँकरच्या रांगेत बायकांच्या झिंज्या उपटल्या, आणि पाणी माझ्या नाकासमोर उभं होतं! इतक्या वर्षांत कुणी एका शब्दानं सांगितलं नाही. पोरगी मात्र गृहपाठ उरकल्यासारखी हात पुसत होती. तिला त्यात नवल वाटत नव्हतं, याचाच मला जास्त धक्का बसला.

लेक दारात बोचकं बांधत होता. पोरीचे कपडेही त्यात घे, असं तो सुनेला सांगत होता.

"तिचे ऱ्हाऊ दे," मी म्हणाले. "बारक्याचेबी काढ. दोघं हितंच ऱ्हातील."

त्याच्या हातातली दोरी सुटली. "माय, तुला चालता येईना. बारक्या दिवसभर पळतोय."

"ही शाळेतून येईस्तवर मी त्याला माझ्या पायाला बांधून ठेवीन. पुढचं ही बघंल."

सून माझ्याकडे पाहतच राहिली. तिला वाटलं, म्हातारीची थट्टा चाललीय. मग तिनं बोचक्याची गाठ सोडली, एकेक कपडा बाहेर काढून माझ्या मांडीवर ठेवला, आणि लहानगा झगा ठेवताना तिथंच तोंड लपवून रडली. नात कोपऱ्यात उभी होती.

सकाळी ट्रॅक्टर गेला. बारक्यानं गल्ली गोळा होईल असा गळा काढला. मी त्याला काखेत धरून बसले. पोरीला शाळेला उशीर होत होता, म्हणून मीच ओरडले, "जा बाई, पळ!"