न वाचता केलेली सही

स्वामी मॅडमना काहीही सांगा, पहिला प्रश्न ठरलेला: "कशावरून?" चहावाला म्हणाला दूध ताजं आहे, तरी "कशावरून?" लातूरच्या एका क्लासमध्ये त्या जीवशास्त्र शिकवायच्या, मी रसायनशास्त्र. सकाळी सहापासून बॅचमागून बॅच. उभं राहून आमचे पाय सुजायचे, त्यात बाईंचं हे कशावरून! मला कधीकधी वीट यायचा, खोटं कशाला बोलू.

आधी त्या नांदेडला संशोधन करायच्या. अंडाशयं काढलेल्या उंदरिणींच्या डोळ्यांवर प्रखर उजेड सोडायचा आणि डोळ्याचा पडदा किती खराब होतो ते बघायचं. अंडाशयात तयार होणारं इस्ट्रोजेन बाहेरून दिलेल्या उंदरिणींचा पडदा कमी बिघडायचा. "ते फक्त लेकराबाळांसाठी नसतंय गं. पडद्यातल्या पेशी गंजायला लागल्या की त्यांनाबी सांभाळतंय," त्या सांगायच्या. भूकंपात निलंग्याकडचं घर पडलं, घरचे पत्र्याच्या शेडमध्ये आले आणि मॅडम संशोधन अर्धवट टाकून क्लासला लागल्या.

चाळिशीच्या आतच त्यांना पाळीत अंगावरून जास्त जाऊ लागलं. डॉक्टर म्हणाले, पिशवी काढू. मुलांच्या परीक्षा तोंडावर, सुट्टी मिळाली चार दिवस. साऱ्या जगाला कशावरून विचारणाऱ्या बाईंनी संमतीचा कागद न वाचताच सही केली. पिशवीसोबत दोन्ही अंडाशयंही गेली.

काही वर्षांनी फळ्यावरची सरळ रेघ त्यांना वाकडी दिसायला लागली. "अंडाशयं काढली त्यामुळंच का हो?" मी विचारलं.

"उंदरावरून माणसाचं सांगता येत न्हाई. माझ्याकडं पुरावा न्हाई," त्या म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. "पण विचारायला तर पायजे होतं की गं. मी तरी!"

मला त्यांचा रागच आला. रडूही आलं.

दिसेना तसा त्यांचा क्लास सुटला, मॅडम निलंग्याला गेल्या. दोन वर्षांनी माझ्या पिशवीत गाठी निघाल्या. फोनवर सांगितलं, तर ऑपरेशनच्या दिवशी बाई भाचीचा हात धरून एसटीनं हजर! माझ्या हातातला कागद चाचपून म्हणाल्या, "मला दिसत न्हाई. तू वाच. मोठ्यानं."

दमलेली मी, कंटाळत वाचत गेले. मध्येच 'दोन्ही अंडाशयांसह' असं आलं आणि थांबले.

"ती चांगली हायेत का, विचार डॉक्टरला."

चांगली होती. डॉक्टरांनी तेवढे शब्द खोडले, मग मी सही केली.

शुद्धीवर आले तेव्हा मॅडम उशाशीच होत्या. "दोन्ही राहिली हो मॅडम," मी म्हटलं. त्यांनी चेहरा माझ्या अगदी जवळ आणला, बराच वेळ बघितलं.

"हसायलीस," त्यांनी विचारलं, "का रडायलीस गं?"