जोडीतला बैल

"बाहेर निघ बे त्या गोठ्यातून! माह्या बैलाले मारून लपून काहून बसला?"

मामाचा शेजारी दोन शेतांमधल्या धुऱ्यावरून, बांधावरून ओरडत होता. आवाज असा, की तिकडे वणीच्या रस्त्यावर कोळशाच्या ट्रकांनी ब्रेक मारले असतील. झरी जामणीकडचं मामाचं गाव एवढंसं, एका घरात फोडणी दिली तर सारं गाव खोकतं. लोक जमायला वेळ लागला नाही.

बैल धुऱ्यावर आडवा पडला होता. रानडुकरांसाठी मामानं आदल्या रात्री कुंपणाच्या तारेत करंट सोडला होता, तो त्याला लागला.

दोघांकडे एकेकच बैल. एक मामाचा, एक शेजाऱ्याचा. दोन्ही मिळून जोडी जुंपायची, आधी याचं वावर, मग त्याचं, अशी कित्येक वर्षांची सावड. शेजाऱ्याचा बैल तर काय सांगू, जिभेनं दाव्याची गाठ सोडायचा. पाव्हण्यांना मी सांगायचो की कुलूपही काढतो, फक्त किल्ली खुरात मावत नाही. मोकळा झाला की पहाटे धुरा ओलांडून सरळ मामाच्या गोठ्यात, आपल्या जोडीदारापाशी. मामी झाडायला जायची तेव्हा दोघं एकमेकांच्या मानेवर मान टाकून उभे. पोळा तोंडावर आला होता. शिंगांच्या रंगाचा डबा मामानं आणूनही ठेवला होता, दोघांत एकच.

मामा काही निघेना, तेव्हा मीच पुढे झालो. बोलण्यात मला हरवणारा त्या तालुक्यात अजून जन्मायचा आहे. म्हटलं, काका, आपल्याच बैलाचा जोडीदार कोणी मारतो का? मामाचंही औत मोडलंच ना? डुकरांनी भुईमूग असा उखडला होता की ट्रॅक्टरनं लाजावं, म्हणून तर तार लावली. गाठ बैलानं स्वतः सोडली. यात मामाचा काय दोष?

लोक माना डोलवू लागले. एक म्हातारा म्हणाला, जनावराचं नशीब. शेजाऱ्याचा आवाज खाली आला. तो बैलाशेजारी खाली टेकला आणि त्याच्या डोळ्यांवरच्या माश्या टोपीनं हाकलत राहिला. मला वाटलं, जिंकलो आपण.

तेवढ्यात मामा बाहेर आला. हातात रंगाचा तो डबा. कशाला उचलला, त्यालाही ठाऊक नसावं. मागे गोठ्यात त्याचा बैल पहाटेपासून हंबरत होता, तो अजून थांबला नव्हता.

शेजाऱ्यानं वर न पाहता विचारलं, "जाणून केलं का रे?"

मी मामाचा दंड दाबला. नाही म्हटलं की संपत होतं सगळं.

"मारायचं नव्हतं," मामा म्हणाला. "पण बटन दाबताना तो येईन हे माहीत होतं मले."