जवाची बिअर
मुलानं पुण्याहून आणलेली ताजी बिअर ग्लासात ओतली आणि त्या आंबूस वासासरशी नव्वदीतलं महाबळेश्वर आठवलं. फौजेतून सुट्टीवर आलेल्या माझ्या जिवलग मित्राबरोबर डोंगर चढायला गेलो, तर त्यानं पलटणीतला एक पहाडी सोबती आणलेला. सोबत्याच्या पाठीवरच्या पिशवीत त्यानंच स्वतः केलेली जवाची बिअर. दोघं हिंदीत खिदळत पुढं, मी धापा टाकत मागं. कड्यावर पोचल्यावर मित्रानं बाटली उघडून आधी त्यालाच दिली, "घे गड्या!" आमच्या गावात, आष्ट्यात, त्याचा गड्या फक्त मी होतो. माझं उतरलेलं तोंड बघून त्या पाहुण्यानं हसत बाटली माझ्यापुढं धरली, "घे गड्या!" त्याला मराठी तेवढंच येत होतं, आणि मित्राचं म्हणून आता माझ्याकडंही तेवढंच उरलं होतं. "कशी लागली, बाबा?" मुलगा विचारतोय. म्हटलं, "लय कडू हाय."