डभोईला गेलाय

दारूबंदीच्या राज्यात घरात पिणारा माणूस असला की लाज दुप्पट होते, चार लोकांची आणि वर पोलिसांची. आमचे आजोबा संस्थानच्या कचेरीत अधिकारी होते आणि नागरवाड्यातल्या आमच्या घरात तो तोरा अजून उतरला नव्हता. कारखान्याने माझ्या मोठ्या भावाला स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा कारखान्याची, निवृत्ती याची. पंचेचाळिसाव्या वर्षी घरी बसला तो आतल्या खोलीत पिऊन पडू लागला.

कुणी विचारलं की आम्ही सांगायचो, डभोईला गेलाय. तिथे आमची थोडी जमीन होती, त्यामुळे थाप खपायची. आई गेल्यावर हे काम माझ्याकडे आलं. मी शाळेत शिकवायची, खोटं बोलणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर उभं करायची, आणि घरी येऊन हे करायची.

भावाचा कारखान्यातला एक गुजराती मित्र दर गुरुवारी स्कूटरवरून यायचा. तो स्वतः पूर्वी प्यायचा, आता सुटला होता. पाणीगेटला अशी सुटलेली माणसं एकत्र बसत, तिथे त्याला भावाला न्यायचं होतं. मी दारातूनच सांगायची, ‘डभोई गया छे.’ दहा पावलांवर भाऊ सगळं ऐकत असे. मला त्या भल्या माणसाचा रागच यायचा. पाणीगेटला आमच्या आडनावाचे धिंडवडे निघतील, एवढंच मला दिसत होतं.

एके सकाळी भाऊ दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आला. “डभोईला जातो,” म्हणाला. मी वह्या तपासत होते. मान वर न करता म्हटलं, जा, तेवढीच मला खोटं बोलण्यातून सुट्टी. तो हसला नाही. माझ्या जिभेला हाड नव्हतंच.

दुपारी मित्र आला. गुरुवार नव्हता. भावाने सकाळी त्याच्या घरी जाऊन, कारखान्याने दिलेलं मनगटी घड्याळ त्याच्या हातात ठेवलं होतं, आता मला नको म्हणून. भाऊ कुठे आहे, त्याने विचारलं. मी म्हटलं, डभोईला. तो मला ओलांडून थेट आतल्या खोलीत गेला. पलंग रिकामा होता.

“बेन, आजे साचुं बोलो,” तो म्हणाला.

आज खरंच गेलाय, मी म्हटलं, एरवी इथेच असतो, पितो. तीन वर्षांत हे पहिल्यांदा तोंडातून निघालं. आणि तेव्हाही, सांगायला लाज वाटते, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून मी आवाज खाली आणला.

त्याच्या स्कूटरवर आम्ही डभोई गाठलं. भाऊ बस स्टँडच्या बाकावर बसला होता. मित्र शेजारी बसला आणि त्याने सरळ विचारलं, मरायचा विचार आहे का. असं कुणी विचारतं का, म्हणून मी त्याच्यावर खेकसणार होते. भाऊ शांतपणे हो म्हणाला, आणि मग रडू लागला. आमच्यातल्या कुणीही त्याला हे कधी विचारलं नव्हतं. मित्राने ते घड्याळ त्याच्या मनगटावर परत बांधलं. त्याच संध्याकाळी तिघं पाणीगेटला गेलो, दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे.

एवढं होऊनही, त्याच आठवड्यात शेजारच्या काकूंनी दारात विचारलं, भाऊ दिसत नाही हल्ली. माझ्या तोंडून निघून गेलं, “डभोईला गेलाय.”

आतून भावाचा आवाज आला, “घरीच आहे, काकू. या आत.”